ठाण्यातली एक जुनी गल्ली कागदावर कशी आणायची

घोडबंदर रोडला किंवा कोलशेतला फ्लॅट घेऊन ठाणेकर झालेल्या बऱ्याच जणांना तलावपाळीला फेऱ्या मारताना कधीतरी प्रश्न पडतो की हे शहर जुनं आहे म्हणतात, मग ते जुनं आहे तरी कुठे? आहे, पण मुख्य रस्त्यावर नाही. चरईत, खारकर आळीत, महागिरीत, चेंदणी कोळीवाड्यात आणि नौपाड्याच्या आतल्या गल्ल्यांत ते अजून सापडतं. दर पावसाळ्यानंतर थोडं कमी झालेलं असतं, एवढंच.

हे वाचून ज्यांना काहीतरी करावंसं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख. त्यासाठी आर्किटेक्ट किंवा इतिहासाचे प्राध्यापक असायची गरज नाही. फोन, मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याची वही आणि अनोळखी माणसाच्या ओट्यावर दहा मिनिटं बसायची तयारी एवढं भांडवल पुरतं. मात्र पहिल्याच दिवशी इमारत वाचवायला निघू नका. जिचा नंबर, नकाशा, साल आणि फोटो यातलं काहीच कुणाकडे नाही, तिच्या बाजूने कुठल्याही कार्यालयात कुणी बोलू शकत नाही. आधी नोंद करा. वाचवायची वेळ आली तर तीच हाताशी येते, आणि नाही वाचली तर मागे तेवढीच उरते.

गल्ली निवडा, स्मारक नको

नवीन माणूस हमखास किल्ल्यापासून सुरुवात करतो. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतला. तो पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटले आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी झाली. एवढा इतिहास असला तरी आज ते चालू कारागृह आहे. फोटो काढू देणार नाहीत, आत जायचा प्रश्नच नाही. बाहेरून तट बघा आणि पुढे चला. किल्ल्यावर लिहिणारे बरेच झालेत. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या प्रवासी गाडीबद्दलही तेच. ती तारीख कुणी विसरणार नाही.

ज्यांच्याबद्दल कुणीच लिहिलेलं नाही ती साधी राहती घरं. म्हणून एक गल्ली धरा. दोन्ही टोकं नजरेच्या टप्प्यात येतील एवढीच, पंधरा-वीस दारांची. आपल्या घरापासून चालत किंवा एका रिक्षेत जाता आलं पाहिजे, कारण तिथे अनेकदा जावं लागणार आहे. 'मी सगळ्या चरईची नोंद करणार' असं म्हणणाऱ्यांच्या वह्या तिसऱ्या पानावर थांबतात.

कुठली गल्ली घ्यावी हे कळत नसेल तर एक युक्ती आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यात वर्गवारी असते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. यादीत अलीकडच्या कच्च्या आरसीसी इमारतीही भरपूर असतात, त्या वगळा. नौपाडा, उथळसर भागातली नावं वाचत गेलात की जुनी घरं आपोआप दिसायला लागतात. सी-१ शिक्का लागलेलं घर असेल तर आधी तिथे जा. ही यादी भीतीची म्हणून छापतात, पण नोंद करणाऱ्याला ती वेळापत्रकासारखी वापरता येते.

आधी नंबर, मग घर

जुन्या ठाण्यात प्रत्येक मिळकतीला टिका नंबर आणि सीटीएस नंबर (नगर भूमापन क्रमांक) असतो. पूर्वी शहराची मोजणी तुकड्यातुकड्याने झाली, त्या तुकड्याला टिका म्हणतात. 'कोपऱ्यावरचं हिरव्या खिडक्यांचं घर' ही ओळख रंगकाम होईपर्यंतच टिकते. 'टिका अमुक, सीटीएस तमुक' ही ओळख इमारत पाडल्यावरही राहते. मालमत्ता कराच्या बिलावर, विजेच्या मीटरच्या खोलीत किंवा पुनर्विकासाच्या नोटीसबोर्डावर हे नंबर मिळतात. नंबर हाती आला की भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरून मिळकत पत्रिका काढा, म्हणजे ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते. त्यावरच्या फेरफाराच्या नोंदी खालून वर वाचत गेलात की वाटणी, वारस, विक्री, गहाण असा घराचा प्रवास कळतो. घर कधी बांधलं ते मात्र त्यावर नसतं. ही जागेची पत्रिका आहे, भिंतींची नाही.

बांधकामाचं वय शोधायला मालमत्ता कराची जुनी आकारणी पाहावी लागते. ठाण्यात नगरपालिका १८६३ मध्ये आली आणि महापालिका १९८२ मध्ये, त्यामुळे रजिस्टरं बरीच मागे जातात. ती मिळण्यासाठी माहितीचा अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, हे विसरू नका. 'या इमारतीचा इतिहास द्यावा' असं विचारलंत तर 'माहिती उपलब्ध नाही' हेच येणार. 'अमुक मालमत्तेची कर आकारणी प्रथम कोणत्या वर्षी नोंदली गेली, त्या पानाची प्रत द्यावी' असं विचारा.

त्याच वेळी विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय तेही भाग नकाशावरून बघून घ्या. बऱ्याचदा घराचा खरा शत्रू बिल्डर नसतोच. तीस वर्षांपूर्वी नकाशावर ओढलेली रस्तारुंदीकरणाची रेघ बरोबर ओटीतून गेलेली असते.

शहराच्या पार्श्वभूमीसाठी १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर वाचा. इंग्रजीत आहे, जाड आहे, साहेबी नजरेने लिहिलेलं आहे, पण कुठल्या तलावाच्या काठाला काय होतं हे तपशिलात सांगणारं त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही. शासनाच्या गॅझेटियर विभागाने ते ऑनलाइन टाकलेलं आहे.

इमारत खालून वर वाचा

बहुतेक जण आधी वर, नक्षीकडे बघतात. जोत्यापासून सुरुवात करा. जोतं काळ्या घडीव दगडाचं आहे की विटांचं? दगडाच्या सांध्यात पांढरट चुना आहे की करडं सिमेंट? खिळ्याने हळूच खरवडलं तर चुना भुगा होऊन पडतो, सिमेंट पडत नाही. (मालकाला विचारून खरवडा, आणि मागच्या बाजूला.) जुन्या चुन्याच्या भिंतीला कुणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर त्याच्या वर हातभर उंचीवर ओल आणि लोणा दिसेल. चुना भिंतीतलं पाणी बाहेर सोडतो, सिमेंट ते आत अडवतं. पाणी मग वाट काढत वर चढतं आणि सुकताना क्षार मागे ठेवतं. 'घर जुनं आहे म्हणून ओल येते' असं घरचे सांगतील. पुष्कळदा ती मागच्या दुरुस्तीमुळे येत असते. ही एक गोष्ट मालकाला पटवून दिलीत तरी त्या घराचं आयुष्य वाढतं.

मग खण मोजा. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. जुनी माणसं अजून 'तीन खणी घर' असं सांगतात. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, परसातली विहीर हा क्रम कागदावर काढा. आलेख वहीवर एक चौकोन म्हणजे एक फूट धरला तर शाळेतली भूमितीही पुरते. विहीर असेल तर ती बुजवलेली आहे की चालू, हे लिहाच.

वय सांगणाऱ्या खुणा वस्तूंवर असतात. मंगलोरी कौल उलटं करून बघा, पाठीवर कारखान्याचं नाव ठशाने उठवलेलं असतं. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला, म्हणजे तशी कौलं त्याआधीची असूच शकत नाहीत. अर्थात कौलं वरचेवर बदलतात, त्यामुळे त्यावरून छपराचं वय कळतं, घराचं नाही. जिन्याखाली किंवा सज्जाखाली लोखंडी गर्डर असेल तर टॉर्च मारून त्याच्या पोटावरची अक्षरं वाचा. 'डोरमन लाँग' असेल तर विलायतेहून जहाजाने आलेला. 'टाटा' असेल तर १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद तेव्हापासून निघायला लागलं. जमिनीवर रंगीत नक्षीची सिमेंट टाइल असेल आणि सुट्या टाइलच्या पाठीवर मुंबईच्या 'भारत'चं नाव मिळालं तर १९२२ नंतरची, कारण ती कंपनीच त्या वर्षीची. एका खुणेवर साल ठरवू नका. तीन खुणा एकाच दशकाकडे बोट दाखवत असतील तर वहीत 'अंदाजे' लिहून ते दशक टाका.

बाकी लाकडाची झालर, रंगीत काचा, गजांच्या खिडक्या, दारावरची गणेशपट्टी यांचं वर्णन करत बसू नका, फोटो घ्या.

कोनशिला आणि पाच पंचांगं

ठाण्यात सालांची गंमत आहे. तलावपाळीहून टेंभी नाक्यापर्यंत चालत गेलात तर देऊळ, चर्च, मशीद, अग्यारी, सिनेगॉग सगळं चालायच्या अंतरात येतं आणि प्रत्येकाचा कालगणनेचा हिशेब निराळा. शकाच्या आकड्यात ७८ मिळवा (पौष ते फाल्गुनातली तिथी असेल तर बहुधा ७९). अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६०. ठाण्याच्याच किल्ल्यात खणताना सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट शके ९३९ चा, म्हणजे १०१७. ज्यू सनातून ३७६० वजा करा, पारशी यज्दगर्दी सनात ६३० मिळवा, दोन्हीत एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. हिजरी सन चांद्र असल्याने सरळ बेरजेने सुटत नाही, त्याला तक्ता किंवा फोनवरचं कॅलेंडर लागतं.

कोनशिलेवरचं साल बहुतेकदा जीर्णोद्धाराचं असतं, हेही ध्यानात ठेवा. कौपिनेश्वराचं मूळ शिलाहारकाळाशी जोडतात, पण आज उभं असलेलं देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये बांधवलेलं. दोन्ही साल लिहा, आणि कुठलं कशाचं तेही. सेंट जेम्स चर्च १८२५ चं, बेने इस्रायलींचं शार हाशामाइम सिनेगॉग १८७९ चं. सिनेगॉगला जायचं तर आधी परवानगी घ्या, ओळखपत्र न्या, डोकं झाका. अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नसतो. फाटकातून नमस्कार करून पुढे व्हायचं, हुज्जत घालायची नाही.

फोटो

रविवारी सकाळी सातच्या सुमारास जा, नाहीतर घराऐवजी पार्किंगचेच फोटो येतील. समोरच्या बाजूला उभं राहून फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा, वाइड अँगल नको, त्याने खांब वाकडे दिसतात. एक समोरून, एक-एक दोन्ही कोपऱ्यांतून, एक शेजारच्या घरांसकट, मग तपशील. तपशिलाच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. फाइलच्या नावात टिका, सीटीएस आणि तारीख टाका. हे कंटाळवाणं काम त्याच रात्री केलं नाही तर कधीच होत नाही.

माणसांशी बोलताना

'आजोबा, या घराचा इतिहास सांगा ना,' असं विचारलं की आजोबा घसा खाकरून शिवाजी महाराजांपासून सुरुवात करतात, नाहीतर 'आम्हाला काय माहीत' म्हणून आत जातात. विचारायचं असतं ते असं: नळ कधी आला? त्याआधी पाणी कुठून भरायचे? कुणाच्या लग्नाची पंगत अंगणात बसली होती? गणपती कुठल्या खणात बसतो? २६ जुलै २००५ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? या शेवटच्या प्रश्नाला तर माणसं उठून जागा दाखवतात, आणि ती खूण मोजपट्टीने मोजता येते.

साल कुणालाच आठवत नाही, त्यामुळे आठवणीला एखाद्या मोठ्या घटनेचा खुंटा द्यावा लागतो. गांधीजींच्या खुनाच्या आधी की नंतर? ७१ च्या ब्लॅकआउटला खिडक्यांना काळा कागद लावला तेव्हा हा सज्जा होता का? गडकरी रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं, ते बांधत होते तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? ठाण्यातल्या माणसाला त्या एका इमारतीवरून दशक आठवतं.

घरातल्या बायकांशी वेगळं बोला. काकांना मालकी हक्काचा दावा तोंडपाठ असतो, काकूंना कुठल्या भिंतीत कोनाडा होता आणि तो कधी बुजवला ते ठाऊक असतं. चेंदणीत गेलात तर एकटे शिरू नका, ओळखीच्या कोळी माणसाला बरोबर घ्या. खाडीचं बंदर, होड्या कुठे लागायच्या, मासळी कुठे सुकायची, हे त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. बेने इस्रायली कुटुंबं मोठ्या संख्येने इस्रायलला गेली, त्यांचे ठाण्यातल्या घरांचे फोटो आता तिकडच्या अल्बमात आहेत. इथल्या एखाद्या नातेवाइकामार्फत विचारलंत तर व्हॉट्सॲपवर येतात.

रेकॉर्डिंग करण्याआधी विचारा. भाडं, पागडी, भावाभावांचा वाद हे विषय निघाले की फोन बंद करून खिशात ठेवा. ते ऐकून सोडून द्यायचं. आणि चहा नाकारू नका.

कायद्याचं बळ किती

थोडं आहे, सगळीकडे नाही. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षण असलेल्या स्मारकाभोवती पहिल्या १०० मीटरात नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरात परवानगी लागते. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. तुमच्या गल्लीतल्या घराला यातलं काहीच लागू होत नाही. त्याच्यासाठी वाट आहे ती एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतल्या वारसा तरतुदींची. तिच्यानुसार महापालिका वारसा यादी करू शकते आणि इमारतींना श्रेणी १, २, ३ देऊ शकते. श्रेणी १ ला जवळजवळ हात लावता येत नाही, ३ ला बरीच मोकळीक असते. यादीत नाव यावं असं वाटत असेल तर शहर विकास विभागाकडे लेखी सूचना द्या आणि सोबत तुमची नोंद जोडा. पोच घ्या.

त्याआधी मालकाशी बोला, हे माझं ठाम मत आहे. मालकाच्या पाठीमागे केलेला अर्ज म्हणजे त्याला घर लवकर पाडायचं दिलेलं निमंत्रण. त्याची बाजूही खरी असते. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ भाडंच चहापाण्याइतकं असेल तर चार टक्क्यांत कौलंसुद्धा बदलून होत नाहीत. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींना, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारतींना, म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, ठाण्याला ते नाही. वारसा यादीत आलेल्या मालकाला गमावलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, मिळण्याची सोय आहे, ही माहिती त्याला तुमच्याकडूनच पहिल्यांदा कळण्याची शक्यता मोठी.

देवळं, चर्च, शाळा यांच्या जागा ट्रस्टच्या असतील तर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्टची नोंदणी आणि मिळकतींची यादी पाहता येते. ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. दगडी देवळाला ऑइल पेंट मारण्यासाठी मात्र कुणाचीच लागत नाही असं समजून काम चालतं. विश्वस्तांना विनवणं एवढंच हातात असतं, तेही उत्सवाच्या दोन महिने आधी, कारण एकदा वर्गणी जमली की रंग येतोच.

पाडायचं ठरलंच असेल तर

वाद घालण्यात आठवडे घालवू नका. घर रिकामं झाल्यापासून पत्रे लागेपर्यंतचे दिवस सोन्याचे. तेव्हा भिंतींवरचे कॅलेंडर-कपाटं निघालेली असतात, झाकलेले कोनाडे, जुना रंग, तुळईवरचे सुताराचे आकडे उघडे पडतात. मालकाच्या आणि कंत्राटदाराच्या परवानगीने, दिवसा, हेल्मेट घालून, एक सोबती घेऊन जा. सी-१ इमारतीच्या वरच्या मजल्यावर अजिबात चढू नका.

सागवान जुन्या लाकडाच्या वखारीत जातं आणि त्याचा भाव आधीच ठरलेला असतो. दार मागू नका, मिळणार नाही. एक कौल, एक वीट, एक टाइल, कठड्याचा एक दांडा मागा, ते हसत देतात. त्यावर लगेच चिठ्ठी बांधा: कुठलं घर, कुठला भाग, तारीख. चिठ्ठी नसलेलं कौल म्हणजे नुसतं खापर. नव्या इमारतीच्या सोसायटीला जुन्या घराचा मोठा फोटो लॉबीत लावायला सुचवा. फ्रेमच्या खर्चात होतं आणि बिल्डरही बहुधा आडकाठी करत नाही.

खाडीपलीकडे राहत असाल तर

नवी मुंबईत जुनं काही नाही असं समजू नका. बेलापूरचा किल्ला आहेच, पण मी म्हणेन आर्टिस्ट व्हिलेजला जा. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात केलेली ही वसाहत, सात-सात घरं एका चौकाभोवती, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलंही, इतकं की मूळ रूपातलं उतरत्या कौलांचं घर आता शोधावं लागतं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची. या शहराची पहिली पिढी अजून हयात आहे, बोलायच्या मनःस्थितीत आहे. ठाण्यात ज्या प्रश्नांना आता उत्तर देणारं कुणी उरलं नाही, ते बेलापूर-वाशीत आज विचारता येतात.

नोंद ठेवायची कुठे

फक्त फोनमध्ये नको. एक प्रत इंटरनेट आर्काइव्हवर किंवा विकिमीडिया कॉमन्सवर, मोकळ्या परवान्याखाली. राहत्या घरांच्या आतले फोटो आणि माणसांची नावं तिथे टाकू नका, तो भाग स्वतःजवळ ठेवा. दुसरी प्रत छापील, बांधून, ग्रंथालयात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. तिथे आधी जाऊन विचारा, कशा स्वरूपात हवं ते ते सांगतील. तिसरी मालकाला. झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगची चालेल, पण मागच्या पानावर तुमचा फोन नंबर हवा, कारण माळ्यावरच्या ट्रंकेतले जुने फोटो बहुतेकदा ही प्रत घरात फिरल्यानंतरच खाली उतरतात. ते घेऊन जाऊ नका. स्कॅनर तिथेच न्या, ६०० डीपीआयला स्कॅन करा, फोटोची पाठही करा, आणि मूळ फोटो त्यांच्यासमोर परत पाकिटात घाला.